हरिकेन सीझनचा अंदाज कसा वाचायचा (फ्लोरिडा, ह्यूस्टनकडे नवीन आलेल्यांसाठी)

मे महिन्यात नोआचा (NOAA, अमेरिकेची सरकारी हवामान आणि समुद्र संस्था) अंदाज येतो, ऑगस्टमध्ये तो अपडेट होतो, आणि "यंदा सीझन बिझी" असं ऐकलं की सगळे घाबरतात. आधी सरासरी लक्षात ठेवा: नाव दिलेली १४ वादळं, त्यातली ७ हरिकेन, आणि त्यातली ३ मोठी (कॅटेगरी ३ किंवा वरची). २०२० ला नाव दिलेली वादळं ३० झाली होती. पण हा आकडा अख्ख्या अटलांटिकचा असतो, तुमच्या गावावर काय येणार ते त्यात अजिबात नसतं! १९९२ चा सीझन शांतच होता, पहिलं नाव मिळालं तेच ऑगस्टमध्ये, आणि त्याच हरिकेन अँड्र्यूने मायामीच्या दक्षिणेला घरंच्या घरं झोपवली.

मग बघायचं काय, तर ला निना आहे का (म्हणजे पॅसिफिकचं पाणी विषुववृत्ताजवळ नेहमीपेक्षा थंड असणं; त्याने अटलांटिकवरचे वरचे वारे मंदावतात, वादळाला उभं राहायला जागा मिळते) आणि समुद्र किती तापलाय, साधारण २६.५ डिग्रीच्या वर पाणी लागतंच.

वादळ आलंच तर नकाशावरचा कोन (cone, वादळाच्या संभाव्य वाटेचा पुढे रुंद होत जाणारा पट्टा) नीट समजून घ्या प्लीज. तो फक्त केंद्र कुठून जाऊ शकतं ते दाखवतो, तेही साधारण तीनातल्या दोन वेळा बरोबर, पाऊस आणि समुद्राचं पाणी कोनाच्या कितीतरी बाहेर मारतं.

आणि पुराचा इन्शुरन्स आजच बघा, कारण सरकारी पॉलिसी लागू व्हायला बहुतेक वेळा ३० दिवस जातात, आणि आपला इव्हॅक्युएशन झोन (घर सोडून निघायचा आदेश ज्यानुसार येतो तो भाग) कुठला ते काउंटीच्या साइटवर बघून फ्रिजवर लिहून लावा.