थंडीपूर्वी लोकरीच्या कपड्यांची आणि पांघरुणांची तयारी

नाशिकची थंडी दिवाळीनंतर हळूहळू वाढत जाते आणि मग एखाद्या रात्री अचानक झोंबू लागते. निफाडकडे तर पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. म्हणून कोजागरीच्या सुमारास, ऑक्टोबरचे ऊन कडक असतानाच, घरातील स्वेटर, शाली, कानटोप्या आणि घोंगड्या एकदा बाहेर काढाव्यात.

पहिले काम कसर लागली आहे का ते पाहण्याचे. तिच्या अळ्या अंधारात, न हलवलेल्या घडीत वाढतात आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग लागलेली जागा आधी खातात. त्यामुळे बगला, गळपट्टी आणि शिवणी उजेडाकडे धरून तपासाव्यात. त्यानंतर कपडा खरोखर लोकरीचा आहे का, याची खात्री करावी. आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला, तर लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी काळी राख उरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ज्यांना थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र काढावी लागते, त्यांनी ही परीक्षा टाळू नये, कारण लोकर सहजी पेट घेत नाही, उलट वितळलेला कृत्रिम धागा कातडीला चिकटतो. पहाटेच्या दवातही लोकरच उपयोगी पडते: ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते.

धुताना लोकर म्हणजे केसच आहेत, हे विसरू नये. माझ्या आईने विणलेला करडा स्वेटर मी एकदा गरम पाण्यात, मशीनमध्ये धुतला. तो आटून जाड नमद्यासारखा झाला आणि आज तो माझ्या सहा वर्षांच्या भाचीलाही होत नाही. तंतूंवरील खवले उष्णतेने आणि घुसळण्याने एकमेकांत अडकतात व पुन्हा सुटत नाहीत, त्याची हळहळ मला अजून वाटते. म्हणून थंड पाणी, रिठा किंवा सौम्य साबण घ्यावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावे. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर विरघळवूनच टाकते.

घोंगडीचे काम निराळे आहे. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीला चिंचोक्यांची खळ दिलेली असते, त्यामुळे नवी घोंगडी ताठ आणि टोचरी लागते. ती वापराने मऊ होते, वारंवार धुण्याची गरज नसते. दिवसभर उन्हात टाकून काठीने झटकावी, आणि पांघरताना आत सुती चादर घ्यावी. लहान मुलांच्या अंगाला भरड लोकर थेट लावू नये.

डांबराच्या गोळ्या घातलेले कपडे वापरण्याआधी दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवावेत. तान्ह्या बाळाचे कपडे व दुपटी मात्र त्या गोळ्यांजवळ ठेवूच नयेत, कारण काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. ती धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात भरावीत.