पोस्टग्रेस सोर्समधून उभं करताना

पोस्टग्रेस या मुक्त-स्रोत डेटाबेसच्या कोडमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं कॉलेजातली मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना आधी कोड वाचायला सांगत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आहे, नुसतं वाचून त्याचा थांग लागत नाही. आपल्या लॅपटॉपवर तो बांधा, चालवा आणि एखादी क्वेरी चालू असताना सर्व्हरला मध्येच थांबवून आत बघा. एवढं जमलं की वाचनाला धागा सापडतो.

उबंटू असेल तर उत्तम. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्यावं, पण कोड लिनक्सच्याच होम फोल्डरात ठेवावा. सी ड्राइव्हवर ठेवला तर बिल्ड रेंगाळतं. कोड टारबॉलमधून (एका दाबलेल्या फाइलीतून) न घेता गिटनं क्लोन करा. पोस्टग्रेसमधले कमिट मेसेज सविस्तर असतात आणि बऱ्याचदा त्यात मूळ चर्चेचा दुवाही असतो. एखादी ओळ अशी का लिहिलीय, हे गिट ब्लेमवरून (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवणाऱ्या कमांडवरून) जेवढं कळतं तेवढं कुठल्याही पुस्तकातून कळत नाही.

जीसीसी, मेक, बायसन, फ्लेक्स, पर्ल, पीकेजी-कॉन्फिग एवढं लागतंच. शिवाय रीडलाइन, झेडलिब आणि आयसीयू (वेगवेगळ्या भाषांचे नियम सांभाळणारी) या लायब्ररी. इथं नवखे हमखास अडकतात: लायब्ररी मशीनवर असते, तरी कॉन्फिगर (बांधण्याआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) ती नाही म्हणतं. कारण त्याला हेडर फाइली हव्या असतात आणि त्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेल्या वेगळ्या पॅकेजात येतात. चिडून आयसीयूशिवाय बांधायचा पर्याय देऊ नका. आयसीयू असेल तर मराठीचं कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचे नियम) तयार मिळतं आणि मराठी नावं कोणत्या क्रमानं लावली जातात हे तुम्हाला तपासता येतं.

आवृत्ती १६ पासून मेसन या दुसऱ्या बिल्ड-साधनानंही बांधता येतं. मी अजून कॉन्फिगर आणि मेकच शिकवते, कारण एक्स्टेन्शन बांधायची पोस्टग्रेसची स्वतःची यंत्रणा मेकवर चालते. कॉन्फिगरला चार गोष्टी सांगा. प्रीफिक्स म्हणून होममधलं स्वतःचं फोल्डर, म्हणजे सुडो लागत नाही. इनेबल-डीबग. इनेबल-कॅसर्ट, म्हणजे कोडमधले असर्ट (‘इथं हे खरं असलंच पाहिजे’ अशा तपासण्या) जागे होतात आणि गडबड जिथं झाली तिथंच सर्व्हर कोसळतो. चौथी, इनेबल-डिपेंड. हिच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. मेकच्या बिल्डमध्ये हेडरवर कोणत्या फाइली अवलंबून आहेत याची नोंद आपोआप ठेवली जात नाही. तुम्ही एखाद्या स्ट्रक्टमध्ये नवं फील्ड घातलं, तर काही फाइली नव्या मापानं आणि काही जुन्याच मापानं राहतात. मग सर्व्हर भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो आणि आपण स्वतःच्या तर्कात चूक शोधत दिवस घालवतो. हा पर्याय दिला की तो त्रास उरत नाही.

कंपायलरला ऑप्टिमायझेशन बंद ठेवायलाही सांगा, नाहीतर डीबगरमध्ये हवा तोच व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसतो. अशा बिल्डवर वेग मात्र मोजू नका.

बांधून झालं की कशालाही हात लावण्याआधी मेक चेक चालवा. ते स्वतःचा तात्पुरता सर्व्हर उभा करतं, टेस्ट चालवतं आणि आवरून ठेवतं. सगळं हिरवं आलं तरच पुढे जा. उद्या तुमच्या बदलानंतर एखादी टेस्ट पडली, तर ती तुमच्यामुळेच पडली हे तेव्हाच खात्रीनं म्हणता येईल. काय फरक पडला ते रिग्रेशन डिफ्सच्या फाइलीत मिळतं.

मग मेक इन्स्टॉल करा आणि इनिटडीबी या कमांडनं डेटा फोल्डर तयार करा. रूट म्हणून ते चालतच नाही, साध्या युजरनं चालवा. आधीच उबंटूचं पोस्टग्रेस असेल तर ते ५४३२ पोर्ट अडवून बसलेलं असतं, म्हणून आपल्या सर्व्हरला वेगळा पोर्ट देऊन तो सुरू करा. इथला आणखी एक घोळ: सोर्समधून बांधलेला सर्व्हर सॉकेट (जोडणीसाठीची खास फाइल) टीएमपीमध्ये ठेवतो आणि उबंटूचं पीएसक्यूएल, म्हणजे क्वेरी लिहायचा प्रोग्रॅम, ते व्हार-रनमध्ये शोधतं. सर्व्हर चालू असूनही ‘कनेक्शन फेल्ड’ आलं, तर आपण कोणतं पीएसक्यूएल चालवतोय ते आधी बघा. पाथमध्ये आपलं बिन फोल्डर सगळ्यात पुढे हवं.

आता खरी मजा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं. पीएसक्यूएलमध्ये पीजी-बॅकएंड-पीआयडी हे फंक्शन चालवलं की आपल्या प्रोसेसचा नंबर मिळतो. दुसऱ्या टर्मिनलात त्या नंबराला जीडीबी हा डीबगर जोडा (उबंटूवर परवानगी नाकारली तर सुडोनं), ‘एक्झेक सिंपल क्वेरी’ या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा आणि कंटिन्यू करा. पीएसक्यूएलमध्ये एक अधिक एक निवडायची क्वेरी लिहून एंटर दाबा. उत्तर येत नाही, कर्सर तसाच उभा. जीडीबीत मात्र तुमची क्वेरी जशीच्या तशी फंक्शनच्या आर्ग्युमेंटमध्ये दिसते. तिथून एकेक पायरी पुढे जा: पार्स, मग अनॅलाइझ आणि रीराइट, मग प्लॅन, शेवटी पोर्टल-रन. वाटेत पीप्रिंट हे फंक्शन जीडीबीतून कॉल करून क्वेरीचं झाड (तिची आतली मांडणी) छापता येतं; ते जीडीबीत उमटत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधा. अनॅलाइझनंतरच्या झाडात बेरीज ‘ऑप-एक्स्प्र’ म्हणून असते. प्लॅनमध्ये तिच्या जागी नुसता ‘कॉन्स्ट’ उरतो, कारण प्लॅनरनं दोन हे उत्तर काढूनही टाकलंय. एक्झिक्युटरला बेरीज करावीच लागत नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मुलं त्यानंतर ऑप्टिमायझरचं रीडमी आपणहून उघडतात, असा माझा अनुभव आहे. ते रीडमी खरोखर सुंदर लिहिलेलं आहे, आणि बीट्री या इंडेक्सचंही.

माझ्या जिव्हाळ्याचा एक कोपरा सांगते. बॅकएंडमध्ये स्नोबॉल नावाचं फोल्डर आहे, शब्दांची मूळ रूपं काढणारे स्टेमर तिथं असतात. हिंदी आहे, तमिळ आहे, नेपाळी आहे; मराठी नाही. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरासमोर’ हे सगळं ‘घर’ शोधल्यावर मिळायला हवं, ते आज मिळत नाही. हे अल्गोरिदम स्नोबॉल या स्वतंत्र प्रकल्पातून येतात, म्हणजे ते काम आधी तिथं व्हायला हवं. विभक्ती आणि सामान्यरूप नीट समजणाऱ्या कुणीतरी ते मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

पहिलं योगदान मात्र स्वतःच्या पॅचनं करू नका. गिटहबवर आहे तो फक्त आरसा, तिथं पुल रिक्वेस्ट घेत नाहीत. पॅच ईमेलनं जातात आणि त्यांची नोंद कमिटफेस्टमध्ये (समीक्षेसाठी आलेल्या पॅचच्या यादीत) होते. तिथला समीक्षेसाठी थांबलेला एखादा छोटा पॅच उचला, आपल्या बिल्डवर लावा, मेक चेक चालवा, मग त्याच जीडीबीनं त्याच्या मुख्य फंक्शनवर थांबून बघा. पॅच लागलाच नाही, तर मास्टर (मुख्य शाखा) पुढे गेल्यामुळे रीबेस, म्हणजे पॅच नव्या कोडवर पुन्हा बसवणं, लागेल एवढं लेखकाला कळवलंत तरी ते कामाचं असतं.