भारी ॲम्प आणला आणि आवाज बिघडला? या चुका टाळा

होम थिएटरला दमदार स्टिरिओ ॲम्प्लिफायर जोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात मला जे फोन येतात, ते आता तोंडपाठ झालेत. "संवाद नीट ऐकू येत नाहीत." "सतत घूं असा आवाज येतोय." "सिनेमाला बेस आहे, गाण्यांना नाही." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "ॲम्पच खराब निघाला बहुतेक." मी आजवर जिथे जिथे जाऊन पाहिलं, तिथे खरोखर खराब असलेले ॲम्प हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळीकडे घोळ जोडणीत नाहीतर सेटिंगमध्ये होता. ॲम्प बदलला की त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं नव्याने जुळवावं लागतं, आणि नेमकं तेच काम लोक सोडून देतात.

पुन्हा कॅलिब्रेशन न करणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच. कॅलिब्रेशन म्हणजे माइकने मोजून रिसीव्हरने प्रत्येक स्पीकरची पातळी जुळवणं. नेहमीची रचना अशी: एव्ही रिसीव्हर (सिनेमाचे सगळे चॅनल सांभाळणारा डबा) आहे तसाच ठेवायचा, त्याच्या प्री-आउटमधून (आतल्या ॲम्पच्या आधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या सॉकेटमधून) समोरचे डावा-उजवा चॅनल नव्या ॲम्पला द्यायचे आणि सेंटर व मागचे स्पीकर रिसीव्हरवरच चालू ठेवायचे. रचना चांगली आहे, माझ्याकडेही हीच आहे. पण रिसीव्हरने प्रत्येक स्पीकरची पातळी ठरवली होती ती स्वतःच्या आतल्या ॲम्पच्या हिशेबाने. बाहेरच्या ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण, वेगळा असतो. टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजासाठीच्या मानकात तो 29 डेसिबल धरलाय, पण प्रत्येक ॲम्प ते मानक पाळतोच असं नाही. रिसीव्हर बिचारा जुनेच आकडे धरून सिग्नल पाठवत राहतो.

एका मित्राने असाच ॲम्प जोडला आणि महिनाभर सेंटर स्पीकरला शिव्या घालत बसला. समोरचे दोन स्पीकर काय गातात, आणि सेंटर मात्र तोंडात रुमाल धरून बोलतोय, असं त्याचं म्हणणं. नवा सेंटर स्पीकर कोणता घ्यावा एवढंच विचारायला त्याने मला बोलावलं होतं. मी पिशवीतून साउंड लेव्हल मीटर काढला, त्याच्या बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरला आणि रिसीव्हरचा टेस्ट टोन लावला. डावा 79, उजवा 79, सेंटर 74. पाच डेसिबलचा फरक, म्हणजे पॉवरच्या भाषेत तिप्पट. सेंटर स्पीकर एकदम ठणठणीत होता. माइक स्टँडवर लावून कॅलिब्रेशन पुन्हा चालवलं, वीसेक मिनिटं गेली. त्यानंतर त्याने तोच प्रसंग लावला आणि नव्या स्पीकरचा विषय तिथेच संपला.

कॅलिब्रेशनच्या वेळी माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, हातातही धरू नका. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घ्या. पंखा बंद करा, घरच्यांना दहा मिनिटं शांत बसायला सांगा. आणि झाल्यावर मेनूत जाऊन आकडे वाचा, हे तर कोणीच करत नाही. बऱ्याच रिसीव्हरची पातळी उणे 12 डेसिबलच्या खाली जात नाही. समोरच्या स्पीकरपुढे बरोबर -12 दिसलं, तर रिसीव्हरला आणखी कमी करायचं होतं पण जागा संपली, असं समजा. मग ॲम्पवर गेनचं बटण असेल तर ते कमी करा आणि पुन्हा मोजा.

इंटिग्रेटेड ॲम्पला (ज्यात व्हॉल्यूम कंट्रोलही असतो) बायपास नसेल (म्हणजे काय ते पुढे येतंय), तर लोक रिसीव्हर साध्या ऑक्स इनपुटला जोडतात. हे चालतं, पण आता व्हॉल्यूमचे नॉब दोन झाले. ॲम्पचा नॉब एका ठरलेल्या खुणेवर ठेवूनच कॅलिब्रेशन करायचं आणि सिनेमाच्या वेळी तो दर वेळी त्याच खुणेवर आणायचा. मी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावतो. महागड्या ॲम्पवर ठिपका कसा लावायचा म्हणून लोक नाक मुरडतात, आणि मग दर सिनेमाला डावा-उजवा आणि सेंटर यांची भांडणं सोडवत बसतात.

बायपासच्या वाटेवर भलतंच काही जोडणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या चुकीत एक चांगला वूफर (बेसचा मोठा स्पीकर) माझ्या डोळ्यांदेखत गेला.

होम थिएटर बायपास म्हणजे ॲम्पचा स्वतःचा व्हॉल्यूम कंट्रोल वगळून सिग्नल थेट पॉवर विभागाला देणारी वाट. सिनेमा बघताना आवाज रिसीव्हरने सांभाळायचा, ॲम्पने फक्त ताकद पुरवायची, यासाठी ती असते. रिसीव्हरसाठी ती उत्तमच. पण आवाजाची पातळी स्वतः न सांभाळणारं काहीही या वाटेवर जोडलं, तर ते पूर्ण ताकदीनिशी वाजतं.

माझ्या मावसभावाने नवा इंटिग्रेटेड ॲम्प आणला. माणूस हुशार, पण घाई फार. मी पोचेपर्यंत अर्ध्या वायरी लावून झाल्या होत्या. मॅन्युअल पिशवीतच होतं. "ते नंतर वाचू रे दादा, आधी ऐकू तर दे," म्हणाला. मागे एक इनपुट रिकामं दिसलं, तिथे त्याने स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा) लावला. ते बायपासचं इनपुट होतं, आणि स्ट्रीमरचं आउटपुट फिक्स्ड, म्हणजे कायम पूर्ण पातळीवर. मी स्पीकरच्या मागे वाकून वायर बघत होतो, तेवढ्यात त्याने प्ले दाबलं.

जो आवाज झाला त्याने मी मागच्या मागे बसलो. त्याने झटकन व्हॉल्यूमचा नॉब डावीकडे फिरवला. काही फरक नाही. आणखी फिरवला, पार शून्यापर्यंत. तरी काही नाही. बायपासमध्ये तो नॉब सर्किटमध्येच नसतो! मी हात घालून भिंतीवरचा स्विच बंद केला तोवर तीन-चार सेकंदं गेली असतील. डावा स्पीकर वाचला. उजव्याजवळ गेलो तर तापलेल्या वार्निशचा वास. वूफरच्या शंकूवर चारी बाजूंनी बोटं टेकवून अगदी हलकेच आत दाबलं, तर आतून खर्र असा घासल्याचा आवाज आला. व्हॉइस कॉइल वाकडी झाली होती. मावसभाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. बायपास इनपुटला रिसीव्हर सोडून काही लागणार नसेल, तर त्यावर रंगीत टेप चिकटवतो. ॲम्पच्या मेनूत कोणतं इनपुट बायपासवर आहे ते डोळ्यांनी बघतो, दुसऱ्याच्या सांगण्यावर जात नाही. आणि नव्या जोडणीची पहिली परीक्षा नेहमी जुन्या, टाकाऊ स्पीकरवर घेतो. अर्धा तास जास्त लागतो. तो अर्धा तास ज्यांना परवडत नाही, त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

गाण्यांना बेस नाही

याच रचनेतली पुढची तक्रार. सबवूफर रिसीव्हरला जोडलेला असतो. गाणी मात्र आता थेट नव्या ॲम्पमधून वाजतात, रिसीव्हर बंद. मग सबवूफरला सिग्नल देणार कोण? सबवूफरला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरीचाच सिग्नल घेणारं) असेल, तर ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून तिथे दुसरी जोडणी द्या. काही सबवूफर दोन्ही इनपुट एकत्र चालू ठेवतात, काहींत एकच निवडावं लागतं, ते आधी तपासा. आणि ॲम्प ब्रिज्ड आउटपुटचा असेल, जसे बरेच क्लास डी ॲम्प असतात, तर थांबा. तिथे काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं, दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो. अशा ॲम्पचं काळं टर्मिनल ग्राउंडला जोडलं तर ॲम्प बंद पडेल, कदाचित कायमचा. सबवूफरच्या मॅन्युअलमध्ये अशा ॲम्पसाठी वेगळी जोडणी दिलेली असते, तीच करा.

एका स्पीकरला दोन ॲम्प

"रिसीव्हरची वायरही राहू दे आणि नव्या ॲम्पचीही लावतो, जे चालू असेल ते वाजेल." नाही. एका ॲम्पचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरतं आणि दोघांपैकी एक तरी जळतो. दुसरा बंद असला तरीही हे करू नका. प्री-आउट वापरा, नाहीतर यासाठीच बनवलेला स्पीकर सिलेक्टर घ्या, ज्यात एका वेळी एकच ॲम्प जोडला जातो.

वॉटच्या आकड्यांमागे धावणं

50 वॉटवरून 100 वॉटवर गेलात तर वाढतात फक्त 3 डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. घरात रोजच्या ऐकण्यात बहुतेक वेळ एखाद-दुसरा वॉटच खर्च होत असतो; मोठा ॲम्प कामाला येतो तो अचानक येणाऱ्या जोरदार ठोक्यांना. त्यातून खोक्यावरचा आकडाही नीट वाचायला हवा. एकच चॅनल, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन असं मोजलेले 150 वॉट आणि दोन्ही चॅनल, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.1 टक्का असे मोजलेले 80 वॉट यांत मी डोळे झाकून दुसरा घेईन. ही आकड्यांची फसवाफसवी इतकी जुनी आहे, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्येच त्यासाठी नियम केला होता.

स्पीकर ॲम्पला चालवायला किती जड जातो हे मात्र बघाच. पाठीमागे 8 ओहम लिहिलेला स्पीकर काही फ्रीक्वेन्सीला 4 च्याही खाली जातो. चांगला ॲम्प आपली किंमत तिथे वसूल करून देतो. दुबळा ॲम्प तिथे क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं छाटली जातात, आणि क्लिप झालेला आवाज ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जाळतो. ट्वीटर जळाला की लोक म्हणतात ॲम्प फार ताकदीचा होता. बऱ्याचदा तो कमी ताकदीचा असतो आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवलेला असतो.

घूं आवाज आणि कापलेली अर्थपिन

नवा ॲम्प लावल्यावर 50 किंवा 60 हर्ट्झची घूं सुरू झाली, तर तो बहुधा ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा करंट) असतो. यावर कोणीतरी हमखास सल्ला देतं की प्लगची अर्थपिन काढून टाक. घूं जातेही. पण उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर ॲम्पच्या धातूच्या खोक्यात करंट उतरेल आणि हात लावणाऱ्याला बसेल. हा सल्ला देणाऱ्यावर मला मनापासून राग येतो.

मी असं करतो: ॲम्पला स्पीकर आणि पॉवर एवढंच ठेवतो, बाकी सगळ्या केबल काढतो. घूं गेली, तर ॲम्प निर्दोष. मग ॲम्प बंद करून एक केबल लावायची, चालू करून ऐकायचं, पुन्हा बंद, पुढची केबल. ज्या केबलला घूं परतली ती पकडायची. माझ्या अनुभवात दोषी निघते ती टीव्हीकडे येणारी केबल किंवा अँटेनाची कोॲक्स. तिच्यावर आयसोलेटर (ग्राउंडची जोडणी तोडणारा छोटा डबा) बसवला की काम होतं. नाही झालं, तर सगळी उपकरणं एकाच पॉवर स्ट्रिपवर आणा. दोन्हीकडे एक्सएलआर (तीन पिनांचं सॉकेट) असेल तर ती जोडणी वापरा.

छोट्या गोष्टी, पण रोज दिसणाऱ्या

रिसीव्हर ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका. वर किमान वितभर जागा हवीच, क्लास ए (जास्त तापणारा) असेल तर त्याहून जास्त.

स्पीकर वायरचा एक केसाएवढा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी शॉर्ट होतो. तार सोलली की पीळ द्या आणि उजेडात बघा.

टर्नटेबलमध्ये स्वतःचा प्रीॲम्प नसेल, तर तो फोनो इनपुटलाच.

आरसीए केबल ॲम्प चालू असताना काढू-घालू नका. मधली पिन आधी टेकते, ग्राउंड नंतर, आणि त्या क्षणाचा दणका स्पीकर सोसतो.

चालू करताना ॲम्प शेवटी, बंद करताना ॲम्प आधी. 12 व्होल्टचा ट्रिगर (एक उपकरण चालू झालं की दुसऱ्याला चालू करणारा) असेल तर त्याची वायर लावून टाका, म्हणजे घरात कोणीही चालू केलं तरी क्रम चुकत नाही.

"काय फरक पडलाय!" असं पहिल्या दिवशी म्हणणं

फरक पडला असेलही, पण आधी पातळी सारखी केली का? फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं, की आवाज वाढला की कानाला खालचे सूर तुलनेने जास्त ऐकू येतात. एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा ॲम्प आपल्याला "भरदार" वाटतो तो त्यामुळे. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा, 100 हर्ट्झचा टोन हळू आवाजात वाजवा, आणि दोन्ही ॲम्प एक टक्क्याच्या आत आणा: एकावर 1.00 व्होल्ट असेल तर दुसऱ्यावर 0.99 ते 1.01. मग ऐका. हे केल्यावर काही फरक विरून जातात, काही टिकतात. टिकलेल्यांवर माझा विश्वास बसतो.

आणि एवढं सगळं करूनही गायक मधोमध उभा न राहता भिंतीभर पसरलेला वाटत असेल आणि बेस पातळ असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली असते. ॲम्पच्या बाजूने दोन्ही वायरी सोडवा आणि त्यांच्या टोकांना 1.5 व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, धन बाजू लाल वायरला. वूफर बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरवर करून बघा. एक बाहेर आणि एक आत गेला, तर आत गेलेल्या स्पीकरची वायर उलटी लावा. ही तपासणी फक्त वूफर बघून करायची, कारण काही स्पीकरांत मिडरेंज किंवा ट्वीटर मुद्दामच उलटा जोडलेला असतो.