824 मीटरला हसू नका

स्कॉटलंडला नवीन आलेल्या आपल्या मंडळींना पहिल्याच उन्हाळ्यात इथला सगळ्यात उंच डोंगर, बेन नेव्हिस, चढायचा असतो. चढा, गर्दीची हौस असेल तर. मी मात्र सगळ्यांना एव्हीमोर गावाजवळच्या ग्याल-खार्न मोर या डोंगरावर धाडतो. उंची 824 मीटर. आकडा ऐकला की लगेच, "आम्ही कळसूबाई केलंय, 1646!" मीही असाच हसलो होतो.

इथे 914 मीटरच्या वरचे डोंगर ते मनरो. यादी घेऊन एकेकावर खूण करणाऱ्यांची झुंबड तिकडे. हा त्याखालच्या कॉर्बेटांमधला, म्हणून निवांत. पायथ्याच्या लिनविलगहून बर्मा रोड नावाची कच्ची वाट खिंडीपर्यंत जाते. तिथून डावीकडे हेदरच्या झुडपांतून माथा. पायाशी अचानक फडफड होते आणि ग्राउस पक्षी "गो-बॅक, गो-बॅक" ओरडत उडतो. पहिल्यांदा दचकायला होतं. समोर केर्नगॉर्म्सची सगळी डोंगररांग. जाऊन-येऊन चार-पाच तास.

जीन्स घालू नका. आतला बनियनसुद्धा सुती नको. आपल्याकडे पावसात भिजलं तरी मजा असते, इथे भिजलेलं सुती कापड वाऱ्यात अंगातली सगळी ऊब शोषून घेतं. जूनमध्येसुद्धा. आणि शेजारचे आजोबा "बिट फ्रेश टुडे" म्हणाले, तर ते वादळाबद्दल बोलतायत असं समजा.

माझी चूक सांगतो. नोव्हेंबर होता, साडेअकराला निघालो. माथ्यावर ढग आला, दहा पावलांपलीकडचं दिसेना. फोनची बॅटरी थंडीने झोपली. चाचपडत खिंडीतल्या वाटेवर आलो आणि सुटलो म्हणून उतारावर धावतच निघालो. उजवीकडे वळायचं ते डावीकडे वळलो होतो! खाली लिनविलगऐवजी डलनेन नदी, माणसाचा मागमूस नाही. चारच्या सुमारास सूर्य मावळला. तोच चढ पुन्हा चढून, जड झालेल्या जीन्समध्ये, टॉर्चशिवाय गाडीपाशी आलो. किल्ली लावायला बोटं वळत नव्हती.

तेव्हा कागदी नकाशा, होकायंत्र, हेडटॉर्च. माथ्यावर पोचल्याबरोबर, ढग नसला तरी, परतीची दिशा लावून बघा. अडकलात तर 999, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. बिल येत नाही, पण ते स्वयंसेवक असतात, भरल्या ताटावरून उठून येतात.

घरी आल्यावर गुडघ्यामागे गोचीड चिकटली नाही ना बघा.

जवळजवळ कुठेही चालायचा हक्क इथे कायद्याने आहे. शरदात हरणांच्या शिकारीचा फलक दिसला तर तेवढी वाट सोडा. आणि तो ब्लूटूथ स्पीकर गाडीतच राहू द्या.