घाटावरचा मका, आणि वाटेत हरवलेले माझे सहा क्विंटल

कोंबड्या-गुरांच्या खाद्याच्या धंद्यात उतरायचंय म्हणून विचारायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मका कुठून उचलायचा? दुसरा, भाव काय चाललाय? ओलावा, म्हणजे मालाच्या वजनात पाणी किती टक्के, तो किती धरायचा, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय. 

आपल्या कोकणात भात पिकतं, नाचणी पिकते, वरी पिकते. दाण्यासाठी मका जवळजवळ नाहीच. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका लागतो, आणि तो सगळा वरून येतो. सांगली-कोल्हापूरकडून, मराठवाड्यातून, कर्नाटकातल्या हावेरी-दावणगिरीकडून. कुंभार्ली घाट, आंबा घाट, फोंडा घाट, जिथून जमेल तिथून. आपल्या हातात राहतो तो भाताचा पेंढा, गिरणीतली कणी आणि कोंडा. कोंड्याचं एकच सांगतो. ताजा असेल तोवरच वापरा, त्यातलं तेल आठवडाभरात खवट व्हायला लागतं. पावसाळ्यात तर त्याआधीच.

आता माझी गोष्ट. ऑक्टोबर २०२२. चिपळूणजवळ भाड्याचं गोदाम, उसने पैसे, आणि स्वतःसाठी भरलेली मक्याची पहिली गाडी. त्याआधी दोन वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहीत होतो, त्यामुळे सगळं कळतं असा गैरसमज पक्का होता. कराडहून १६० क्विंटल नवा खरीप मका, भाव क्विंटलला २,०५० रुपये. व्यापाऱ्याने अगदी सरळपणे सांगितलं की माल १८ ओलाव्याचा आहे, भाव १४ ओलाव्याच्या मालाचा आहे, वरच्या चार टक्क्यांची तूट वजनात कापून देतो. त्याने ती कापलीही. १६० मधून ६.४ गेले, पैसे १५३.६ क्विंटलचे दिले. मी खूश. वाटलं, ओलाव्याचा प्रश्न कराडलाच मिटवून आलो.

इथेच फसलो. हे जरा सावकाश वाचा, कारण हा हिशेब मी नंतर रात्रभर जागून केला, आणि तो सोपा असूनही डोक्यात शिरायला वेळ लागतो.

१८ टक्के ओलावा म्हणजे १६० क्विंटलमध्ये २८.८ क्विंटल पाणी आणि १३१.२ क्विंटल कोरडा दाणा. माल वाळवला की पाणी उडतं, हा १३१.२ चा आकडा हलत नाही. त्यालाच धरून बसायचं. १४ ओलाव्याला त्याच दाण्याचं वजन किती? १३१.२ भागिले ०.८६, म्हणजे १५२.६. मी पैसे दिले १५३.६ चे. टक्क्याला टक्का कापण्याच्या पद्धतीत एक क्विंटल तिथेच गेला. ओलावा १८ वरून १४ वर, चार टक्क्यांनी, उतरला म्हणून वजन चार टक्केच घटत नाही, थोडं जास्त घटतं. त्यात व्यापाऱ्याची लबाडी नव्हती, बाजाराची रीतच तशी आहे.

पण १४ ला माझं भागणार नव्हतं. किनाऱ्यालगत महिनाभर माल ठेवायचा तर मी १२ धरतो. १३१.२ भागिले ०.८८, म्हणजे १४९.१. पसरणं, झाडणं, पुन्हा भरणं, धूळ, फुटका दाणा यांत आणखी दीड क्विंटल गेला. हातात राहिले १४७.६. पैसे दिलेल्या वजनापेक्षा सहा क्विंटल कमी. मूळ भावानेच १२,३०० रुपये. क्विंटलमागे ऐंशी रुपये सुटतील असं गृहीत धरलं होतं, म्हणजे सगळ्या गाडीचे १२,२८८. नफा जमिनीत जिरला, आणि वाळवणीची मजुरी खिशातून.

म्हणून भाव विचारताना ओलाव्यासकट विचारायचा, आणि दोन भाव एकाच ओलाव्यावर आणून मगच ताडायचे. तूट न कापता १८ चा मका २,०५० ला मिळाला, तर १३ वर आल्यावर तो २,१७५ ला पडतो. शेजारी १३ चा तयार माल २,१५० ला असेल तर तोच स्वस्त. मोबाइलवर भाव बघून "शंभराने स्वस्त मिळाला" म्हणून उड्या मारणारे माझे दोन मित्र आता आंबा पॅकिंगला जातात. असल्या भावांच्या ग्रुपवर ओलावा कुणी लिहीत नाही, त्यामुळे मला त्यांचा उपयोग शून्य वाटतो. माझं मत आहे, पटलं तर घ्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. अंगणात ताडपत्रीवर मका पसरला होता आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. गडगडाट ऐकून धावलो, तरी पंधरा-वीस पोती भिजली. ती पुन्हा वाळवली, हातात घेऊन बघितली, चांगली वाटली, विकली. त्यातली नऊ पोती गुहागर रस्त्यावरच्या एका मावशींकडे गेली. तीनशे अंड्याच्या कोंबड्या त्यांच्याकडे. तीन आठवड्यांत रोजची अंडी दोनशे चाळीसवरून एकशे ऐंशीवर आली. मावशींचा फोन, "मका भिजवून आणलास काय रे बाबू?" दोष मक्याचाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही, तपासणी तेव्हा सुचलीच नाही. पण उरलेली पोती परत आणली, पैसे परत दिले.

नंतर कळलं ते असं. ओल्या मक्यावर जी पिवळट-हिरवी बुरशी धरते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दाण्यात उतरतं. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, विष तसंच राहतं. भाजूनही पुरतं जात नाही. गाईने खाल्लं तर त्याचा अंश दुधात येतो. पशुखाद्यात त्याची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे, डोळ्यांनी काय दिसणार? बुरशी आलेलं पोतं स्वस्तात काढायचा मोह होईल. नका काढू. शेणखतात टाका.

घाबरवतोय असं वाटत असेल, तर तसं नाही. या धंद्यात बुद्धी फार लागत नाही, हात घाण करायची तयारी लागते. मला सगळ्यात उपयोगी शिकवलं ते कराडच्या एका म्हाताऱ्या हमालाने. "मालक, हात घाला पोत्यात. वरचा माल सगळ्यांचाच कोरडा असतो." गुरू करायचा तर हमाल करा, नाहीतर गाडीचा ड्रायव्हर. दोन दिवसांचा वर्ग घेऊन प्रमाणपत्र देणारे गुरू मी पाहिलेत, त्यांच्या बुटांना कधी कोंडा लागलेला दिसला नाही.

ओलावा मोजायचं मीटर घ्या, पण मक्याच्या सेटिंगवर आहे ना ते बघा. भाताच्या सेटिंगवर ठेवून मका मोजणारा मीच होतो. गाडीच्या मधल्या थरातल्या पोत्यांत परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घाला, पोत्याच्या पोटातला दाणा काढा. मीटर नसेल तर कोरड्या बाटलीत मूठभर मका आणि कोरडं मीठ घालून हलवा. मीठ दाण्याला आणि काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ च्या वर. आपल्याकडे जुलैत मीठच ओलं असतं, तेव्हा ते आधी तव्यावर भाजून घ्या, नाहीतर जगातला सगळा मका नापास होईल.

गोदामाचंही तसंच. पावसाळ्यात आपली हवा इतकी दमट असते की १२ ला आणलेला मका नुसता पडून राहिला तरी हवेतून ओल ओढत १६-१७ कडे जातो. तेव्हा जून ते सप्टेंबर साठा करायचा नाही. दहा-बारा दिवसांचा माल, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट लांब. घाट बंद पडेल या भीतीने जास्त भरावंसं वाटतं, आणि घाट बंद पडतोही. त्यासाठी एक पाळी, म्हणजे आणखी दहा-बारा दिवसांचा माल, जादा ठेवा, तीन नको. आणि गोदाम चढावर घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात कुठवर चढलं होतं ते भाडं ठरवण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

सोयापेंडीबद्दल, म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरलेल्या चोथ्याबद्दल, थोडक्यात. प्रथिनांचा आकडा बघून भुलू नका. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, त्यामुळे नायट्रोजनने भरलेला युरिया मिसळलेली पेंडही कागदावर झकास दिसते. युरियाची तपासणी वेगळी मागायची. भावाची उडी बघायची असेल तर २०२१ आठवा. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं, आणि ऑगस्टमध्ये सरकारला १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या वाणाची, सोयापेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. मक्यालाही आता इथेनॉलचं गिऱ्हाईक आहे. डिस्टिलरी मका उचलते तेव्हा आपल्याला महाग पडतो, आणि तिथला उरलेला चोथा डीडीजीएस म्हणून पेंडीशी स्पर्धा करायला परत आपल्याच दारात येतो. त्यातही बुरशीचं विष साठून आलेलं असू शकतं, मक्यातल्यापेक्षा जास्तच.

आणखी एक, गिऱ्हाईक मोजताना. तालुक्यात ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या, शेडी किती ते मोजून मी गोदाम घेतलं होतं. त्यातल्या बहुतेक करारावरच्या निघाल्या. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. त्यांना माझ्या मक्याची गरजच नव्हती. आपलं गिऱ्हाईक म्हणजे गावठी कोंबड्या पाळणारे, मावशींसारखे अंड्यावाले, चार-पाच म्हशींचे गोठे, बोकडवाले. ते उधार मागतात, गणपतीनंतर देतात, पण देतात.

मावशी अजून माझ्याकडूनच मका नेतात. पोतं उघडून एक दाणा दाताखाली फोडतात, कट् असा आवाज आला तरच टेम्पोत चढवू देतात. मागच्या गाडीत मीटर १२.४ दाखवत होतं, तरी त्यांनी दोन पोती बाजूला काढली. ती दोन मी उघडून पसरून ठेवलीयत, उद्या पुन्हा मोजणार आहे.