मेटार पाहूनही लँडिंग फसतं? या चुका टाळा

जुलैची संध्याकाळ, संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर (सिम), नागपूर ते मुंबई, एअरबस ए-३२०. निघण्याआधी मी मुंबईचा मेटार, म्हणजे विमानतळावरच्या हवामानाची सांकेतिक नोंद, पाहिला होता, वहीत उतरवूनही घेतला होता: वारा २४० अंशांवरून १४ नॉट, झोत २५ पर्यंत, दृश्यता २००० मीटर, पाऊस, क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब, ज्यावर अल्टिमीटर जुळवायचा) १००२. घाटकोपर मागे पडलं, विमानाने ‘टू हंड्रेड’, म्हणजे जमिनीपासून दोनशे फूट, असा पुकारा केला आणि समोरचा अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र) मात्र साडेपाचशेच्या आसपास! वरून उतरताना तो १०१३ वरच, म्हणजे उंचावर वापरायच्या प्रमाण दाबावरच राहिला होता. फरक ११ हेक्टोपास्कलचा, एकाला साधारण २७ फूट, म्हणजे जवळपास ३०० फुटांची थाप. मिनिमम, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर परत वर जायची उंची, अल्टिमीटरच्या २४० फुटांना लावलं होतं. तो पुकारा चाकं टेकेपर्यंत येणारच नव्हता. ग्लाइडस्लोप (उतरण्याचा कोन दाखवणारा रेडिओ संकेत) धरून होतो म्हणून निभावलं.

सिममध्ये हवामान न पाहणारे तसे कमीच. पाहून त्याचं काहीच न करणारे जास्त, आणि मी त्यांतलाच. आता क्यूएनएच वहीत नाही, उतरण्याच्या चेकलिस्टच्या पहिल्या ओळीत लिहितो. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ‘बी’ दाबलं की अल्टिमीटर आपोआप जुळतो, पण ते दाबायची आठवण तरी व्हायला हवी ना.

शिळा मेटार

सिमब्रीफ या फ्लाइट प्लॅनच्या साइटवर दुपारी प्लॅन काढायचा, जेवून-बिवून रात्री नऊला उडायचं, आणि प्लॅनमध्ये छापलेला दुपारचाच मेटार खरा मानायचा. मेटारमधला वेळेचा गट आधी वाचा. ‘१५१२००झेड’ म्हणजे १५ तारीख, यूटीसी १२ वाजता. त्यात साडेपाच तास मिळवले की आपले संध्याकाळचे साडेपाच. मुंबईचा मेटार दर अर्ध्या तासाला येतो, तेव्हा शिळा वापरायला काही कारणच नाही.

शिवाय मेटार म्हणजे झालेली नोंद. नागपूरहून निघाल्यावर सव्वा तासाने मुंबईत काय असेल, ते टॅफ, म्हणजे विमानतळाच्या हवामानाचा अंदाज, सांगतो. त्यातली ‘टेम्पो’ची, म्हणजे तात्पुरत्या बदलांची, ओळ बरेच जण गाळतात. पावसाळ्यात मुंबईचा सगळा तमाशा नेमका त्या ओळीत असतो: तेवढ्यापुरती वीज, धो-धो सर, दृश्यता धाडकन खाली. मी निघताना टॅफ वाचतो, खाली उतरायला सुरुवात करण्याआधी नवा मेटार काढतो आणि मग एटिस, म्हणजे रेडिओवरची विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती, ऐकतो.

वारा कुठून, ढग कुठपासून

२४० म्हणजे वारा नैर्ऋत्येकडून येतोय, तिकडे जात नाही. नवख्यांचं इथेच उलटं होतं आणि मग शेपटीचा (मागून येणारा) वारा घेऊन धावपट्टी संपेपर्यंत विमान तरंगत राहतं. मुंबईत अशा वाऱ्याला धावपट्टी २७, म्हणजे साधारण २७० अंशांच्या दिशेची. कोन ३० अंशांचा, त्याचा आडवा हिस्सा निम्मा. झोत २५ चा असेल तर आडवा साडेबारा नॉट. हा हिशेब तोंडी होतो, त्याला ॲप लागत नाही.

ढगांची उंची मात्र भल्याभल्यांना चकवते. मेटारमधली उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. मुंबईत फरक पडत नाही, पण पुण्याचा विमानतळ सुमारे १९४० फुटांवर आहे. तिथे ‘बीकेएन०१०’ (हजार फुटांवर ‘ब्रोकन’ ढग) म्हणजे ढगांचा तळ अल्टिमीटरवर २९०० च्या पुढे. हजार फुटांवर धावपट्टी दिसेल म्हणून वाट पाहणारा वैमानिक तोवर जमिनीत गेलेला असतो. आणि ‘फ्यू’ (थोडे) किंवा ‘स्कॅटर्ड’ (विखुरलेले ढग) दिसलं म्हणून घाबरू नका. छत धरायचं ते ‘ब्रोकन’ (बहुतेक आकाश झाकलेलं) आणि ‘ओव्हरकास्ट’चं (पूर्ण झाकलेलं).

गोव्याला जाताना एक मजेशीर चूक हमखास होते. मेटार शोधायला विमानतळाचा चार अक्षरी कोड लागतो; दाबोळीचा कोड व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए. एका अक्षराने दुसऱ्याच विमानतळाचं हवामान घेऊन माणूस उतरायला जातो.

मेटारमध्ये पाऊस, खिडकीबाहेर ऊन

आधी सिमच्या हवामानाच्या मेनूत जाऊन लाइव्ह हवामान चालू आहे का ते बघा. कालच्या फ्लाइटसाठी ‘निरभ्र’ प्रीसेट (सिममधलं तयार हवामान) लावलेला असतो आणि तो तसाच राहतो. प्रीसेटवर उडत असाल तर खऱ्या मेटारला काही अर्थ नाही. मेनू बरोबर असेल तर इंटरनेट तपासा. तरीही फरक राहिला, तर दोष दरवेळी तुमचा नसतो. एक्स-प्लेन १२ हा दुसरा सिम जागतिक हवामान मॉडेल आणि मेटार यांची सांगड घालतो, आणि ती दरवेळी जमतेच असं नाही. एकट्याने उडत असाल तर सिममधला एटिस प्रमाण माना. व्हॅटसिमवर (जिथे खरी माणसं ऑनलाइन कंट्रोलर होतात) मात्र कंट्रोलर खऱ्या मेटारवर धावपट्टी ठरवतो. तिथे प्रीसेट लावून गेलात तर सगळे एका दिशेने उतरतायत आणि तुम्हाला मात्र शेपटीचा वारा, अशी फजिती.

इंधनाचंही तसंच. मुंबईच्या टॅफमध्ये ८०० मीटर दृश्यतेचा ‘टेम्पो’ दिसत असताना पर्यायी विमानतळ म्हणून पुणं टाकणं मला पटत नाही. घाटापलीकडेही बऱ्याचदा तोच पाऊस असतो. मी अहमदाबाद टाकतो आणि वर अर्ध्या तासाच्या घिरट्यांचं इंधन भरतो. वजन वाढलं तर वाढू दे.

गेल्या आठवड्यात ते कामी आलं. मुंबईत दोनदा गो-अराउंड केलं (न उतरता परत वर गेलो), एकदाही धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत, आणि मुकाट अहमदाबाद गाठलं. गेटवर पार्किंग ब्रेक लावून मुंबईचा नवा मेटार उघडला तर दृश्यता ४००० मीटर, पाऊस थांबलेला.