इश्यू लावायला कोडची चावी कशाला? परवानग्या देताना या चुका टाळा

आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पात मदत करणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मेसेज आला, "दादा, मला इश्यूवर लेबल लावता येत नाहीये." इश्यू म्हणजे प्रकल्पातल्या चुका आणि मागण्यांची नोंद; ती आणि कोड दोन्ही गिटहब या संकेतस्थळावर असतात. दादरला उतरता उतरता मी मोबाइलवरूनच त्याला तिथे 'राइट', म्हणजे कोड बदलण्याचाही हक्क, देऊन टाकला. त्याने मनापासून आवराआवर केली. 'मदत हवी' आणि 'हेल्प वॉन्टेड' अशी एकाच अर्थाची दोन लेबलं दिसली, म्हणून त्यातलं एक डिलीट केलं. लेबल डिलीट झालं की ते सगळ्या इश्यूंवरून जातं आणि परत आणायला बटण नसतं. नाव बदललं असतं तर सगळं जागेवर राहिलं असतं. पण चूक त्याची नव्हती, हक्क मी दिला होता.

त्याला हवं होतं ते 'ट्रायेज'. ऑर्गनायझेशनच्या (गटाच्या सामायिक खात्याच्या) रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि इश्यू जिथे राहतात तिथे, रीड, ट्रायेज, राइट, मेंटेन, अ‍ॅडमिन अशा पाच पायऱ्या असतात. ट्रायेजवाला असलेली लेबलं लावतो-काढतो, इश्यू बंद करतो, पुन्हा उघडतो, कुणाला तरी सोपवतो. कोड ढकलणं किंवा लेबलांची यादीच बदलणं त्याच्या हातात नसतं. इश्यू वाचून वर्गवारी करणाऱ्या माणसाला एवढं पुरतं, आणि हे मी दोन-तीन चांगल्या कॉमेंट पाहूनही देतो. राइटसाठी मात्र थांबतो.

"पण आमच्याकडे ट्रायेज दिसतच नाही" अशी तक्रार असेल, तर रिपॉझिटरी कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर आहे. तिथे मालक आणि कोलॅबोरेटर एवढेच दोन प्रकार. कॉलेजच्या ग्रुपमधून सुरू झालेले बरेच प्रकल्प इथेच अडकतात. मोफत ऑर्गनायझेशन उघडा आणि रिपॉझिटरी तिकडे हलवा. इश्यू सोबत येतात. फक्त सहकाऱ्यांना आधी सदस्य करून घ्या, नाहीतर त्यांच्या नावावर सोपवलेले इश्यू मोकळे होतात.

हक्क देऊनही काही होत नसेल, तर आधी आमंत्रण तपासा. ते 7 दिवसांत बाद होतं. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा चालू असताना ते कॉलेजच्या मेलमध्ये पडून राहतं आणि मुलांना वाटतं, आपल्याला घेतलंच नाही. आणखी एक नेहमीची अडचण म्हणजे नवख्याचं नाव असाइनच्या यादीत येत नाही. त्याला त्या इश्यूवर एक कॉमेंट करायला सांगा, नाव दिसू लागेल.

सुरक्षेतली त्रुटी उघड्या इश्यूत लिहिली गेली, तर इश्यू बंद करून ती झाकली जात नाही, सगळ्यांना वाचता येते. सार्वजनिक रिपॉझिटरीत खासगी त्रुटी-नोंदणीची सोय अ‍ॅडमिनला सुरू करता येते. आजच करा.

उलटी चूक मला जास्त काळजीची वाटते: सगळं एकाच माणसाने धरून ठेवणं. 2024च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो घुसवणाऱ्या खात्याने आधी दीर्घकाळ मदत करून विश्वास कमावला होता, आणि एकट्याने भार वाहणाऱ्या मूळ मेंटेनरवर (प्रकल्प सांभाळणाऱ्यावर) 'दुसऱ्या कुणाला घ्या' असा दबाव येत होता. यावरून प्रत्येक विद्यार्थ्याकडे संशयाने पाहायचं, असं मी म्हणणार नाही. पण इश्यूंचा भार आधीच चार ट्रायेजवाल्यांत वाटला असेल, तर थकून कुणाला घाईने रिलीजचे हक्क द्यायची वेळ येत नाही.

दर सहा महिन्यांनी यादी पाहा. कुणी बरेच दिवस दिसलं नसेल, तर नाव काढण्याआधी फोन करा. नोकरी लागली असेल, घरी आजारपण असेल. "आत्ता हक्क काढतोय, परत आलास की त्याच दिवशी देतो" हे आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या, गिटहबवर शोधायला लावू नका.